वाळलेल्या झाडाचा नियम

ती मला पहिल्यांदा भेटली ती चितेगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये. मी तिथल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात डिझाइनला होते. औषधाच्या बाटल्या असोत की बल्ब, त्यांचं खोकं कुठं कापायचं, कुठं दुमडायचं, कुठं नुसती घडीची रेघ ठेवायची, हे माझं काम. ती स्टोअरला नवीन लागली होती. तिचं गाव पैठण रोडवरच, पण आणखी पुढं, फाट्यावरून आत. म्हणजे रोज सकाळी ती आपल्या गावाच्या दिशेनं निघायची आणि निम्म्या वाटेवर उतरायची. राहायला मात्र शहरात, छावणीत, भाड्याच्या खोलीत. घर एवढं जवळ असताना खोली कशाला, असं मी एकदा सहज विचारलं. ती म्हणाली, "घरी बघायसारखं काय राह्यलं नाय आता." आणि खिडकीबाहेर बघत बसली.

पुढं हळूहळू कळलं. तिच्या आजोबांनी लावलेली मोसंबीची बाग होती. आदल्या उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलं, विहीर आटली, नवे बोअर कोरडे निघाले. टँकरवर बाग जगवायचा प्रयत्न झाला. शेवटी वडलांनी जेसीबी बोलावून झाडं काढली. ती नेहमी 'काढली' म्हणायची. 'तोडली' हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही.

माझा दुसरा उद्योग तोवर कारखान्यात कोणाला माहीत नव्हता. मी खेळ लिहायचे. पट आणि सोंगट्यांचे नाहीत. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपल्या माणसानं काय करायचं ते प्रत्येक जण तोंडानं सांगतो, आणि पुढं काय होईल ते कोणालाच ठाऊक नसतं तिथं फासे टाकतात. पुण्याच्या मामेभावानं सुट्टीत आमच्या सिडकोतल्या घरी असल्या खेळाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक विसरून ठेवलं होतं, तिथून मला हे लागलं. त्यातली गोष्ट मराठीत चालवायला गेलं की हसू यायचं. एकदा चुलतभाऊ म्हणाला, "मी ड्रॅगनच्या पोटात तलवार खुपसतो," आणि आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, कोणाच्या पोटात? मग मी आमच्या इकडच्या गोष्टी रचायला लागले. पुढं ईमेलवर ओळख काढून परदेशातल्या एका छोट्या प्रकाशकाला इंग्रजीत कथानकं लिहून द्यायला लागले. त्यांच्या पुस्तकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत माझं नाव यायचं. ते पान मी बाबांना दाखवलं, तर त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि स्पेलिंग चुकलंय म्हणाले. खरंच चुकलं होतं. प्रकाशकाला मी दोनदा कळवलं, पण ते तसंच राहिलं.

तिला हे कळलं ते मी नमुने कापायच्या टेबलावर वाया गेलेल्या पुठ्ठ्यातून षटकोनी तुकडे कापत होते तेव्हा. हे कशाचं खोकं, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, माझ्या खोलीवर ये रविवारी, मला खेळायचंय.

तसे आमचे रविवार सुरू झाले. दुपारी जेवणं झाली की मी छावणीत जायचे. तिची खोली वरच्या मजल्यावर होती, पत्र्याच्या टेबलाची. कारखान्यातल्या आणखी दोघी यायच्या. फासे पत्र्यावर पडले की खाली घरमालकांची झोपमोड व्हायची. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, विधुर, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. पहिल्याच महिन्यात ते जिना चढून तक्रार करायला आले आणि जुगार चाललाय का म्हणून बघायला लागले. पैसे लावत नाही म्हटल्यावर त्यांना पटेना. "पैसा नै तो फिर हारते क्या हो?" असं त्यांनी विचारलं. उत्तर ऐकायला खुर्चीवर बसले ते मग दर रविवारी बसतच गेले.

आमच्यात सगळ्यांत चांगली खेळायची ती. खेळ लिहिणाऱ्याला असा एक खेळाडू भेटला की त्याचं नशीब उघडतं. बाकीचे म्हणायचे, माझा माणूस आता दार उघडतो. ती तसं कधी सांगायची नाही. सरळ त्या माणसाच्या आवाजात बोलायला लागायची आणि दार उघडलेलं आम्हाला दिसायचं. मी लिहिलेल्या कच्च्या गोष्टीत कुठं पोकळी आहे ते तिच्या नुसत्या बसण्यावरून मला कळायचं. परदेशी प्रकाशकाला पाठवायच्या आधी प्रत्येक कथानक मी त्या पत्र्याच्या टेबलावर तिच्यासमोर ठेवायला लागले.

बागेचा खेळ करू या, असं कोण आधी म्हणालं ते मला आठवत नाही. पुढं या प्रश्नाला फार महत्त्व आलं, पण तेव्हा आम्हा दोघींनाही त्याचं काही नव्हतं. एवढं आठवतं की बसमध्ये ती बागेच्या शेवटच्या उन्हाळ्याचं सांगत होती. टँकर आला की आजोबा, वडील, चुलते बाजेवर बसून ठरवायचे, या खेपेचं पाणी कुठल्या ओळीला. प्रत्येकाचं एक झाड होतं. एकाखाली झोपाळा बांधलेला, एक आत्याच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं, पाटाकडचं एक नेहमी आधी फळायचं. कोणी स्वतःच्या झाडासाठी बोलायचं नाही. दुसऱ्याच्या झाडाचे दोष मात्र सगळे सांगायचे. मी घरी गेले आणि त्या आठवड्यात खेळाचा सांगाडा लिहून काढला.

पत्त्यांसारखी पुठ्ठ्याची पानं, एकेका पानावर एक झाड. खेळणारे एकाच घरातली माणसं होतात: आजोबा, थोरला मुलगा, सून, बाळंतपणाला आलेली मुलगी. आधी सगळ्यांनी मिळून प्रत्येक झाडाखाली काय घडलं ते सांगायचं. मग पाणी म्हणून चिंचोके, दर फेरीला कमी होत जाणारे. फासे पडतील तसा पाऊस, तसा बोअर. पाणी मिळालं नाही ते झाड वाळलं, त्याचं पान पालथं घालायचं. नाव तिनं सुचवलं, 'ताण'. मोसंबीला बहार धरायच्या आधी मुद्दाम पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. मला तोवर ताण म्हणजे डोक्याला होतो तोच माहीत होता.

खेळ बरा होता, पण त्यात जीव नव्हता. चिंचोके मोजण्यातच सगळ्यांची डोकी जायची. मी फेऱ्या बदलल्या, फासे बदलले, काही होईना. मग एका रविवारी झोपाळ्याच्या झाडाला पाणी पुरलं नाही. त्या डावात ती बाळंतपणाला आलेली मुलगी झाली होती, तिनंच पान पालथं घातलं. पुढच्या फेरीत चाचांनी अगदी साधेपणानं विचारलं, "वो झूलेवाला झाड किधर था, विहिरी के पास?" ती काही बोलली नाही. आम्ही वाट बघितली. ती त्या पालथ्या पानाकडे बघत होती आणि तिचा चेहरा खेळातल्या मुलीचा राहिला नव्हता. मग ती उठून चहा ठेवायला गेली.

मी घरी जाताना, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसेपर्यंत त्या गप्प बसण्याचाच विचार करत होते. ती शेजारी येऊन बसल्यावर मी तिला नियम सांगितला. जे झाड वाळलं त्याचा उल्लेख खेळात पुन्हा कोणी करायचा नाही. त्याखाली घडलेल्या गोष्टीचा, त्या गोष्टीतल्या माणसाचासुद्धा नाही. कोणाच्या तोंडून निघालंच, तर आणखी एक झाड जाईल.

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. मग म्हणाली, "व्हय. असंच असतं ते."

पुढच्या रविवारी आम्ही तो नियम लावून खेळलो. सुरुवातीला सगळे आपापल्या झाडाबद्दल भरभरून बोलले. चाचांनी आपल्या झाडाखाली लहानपणीची सायकल उभी केली होती, आणि ते झाड ते सोडायलाच तयार नव्हते. पण चिंचोके संपत गेले, पानं पालथी पडत गेली, आणि बोलणं अडायला लागलं. वाक्य अर्ध्यावर यायचं आणि माणूस थांबायचा, कारण पुढचा शब्द वाळलेल्या झाडाचा असायचा. शेवटच्या फेरीत एका घरातली चार माणसं समोरासमोर बसलेली, पाऊस आलेला, आणि एकमेकांशी बोलायला जवळजवळ काही उरलेलं नाही. चाचांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. बराच वेळ कोणी पानं गोळा केली नाहीत. इतकी वर्षं मी जे करायला धडपडत होते ते आज झालं, हे मला कळलं.

पुढं आम्ही तो खेळ खूप घासला. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या उन्हाळ्यात आम्ही तो दोन शाळांत आणि एका कॉलेजात खेळवला. शहर तेव्हा बीड बायपासच्या पलीकडं पसरत चाललं होतं, नव्या इमारतींच्या पाट्यांवर निळेशार तलाव रंगवलेले असायचे, आणि सिडकोत आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. पोरं खेळायची आणि घरी जाऊन आजोबांना शेताबद्दल विचारायची. खेळ छापायचा असं ठरलं तेव्हा खोक्याचा नमुना मीच कापला. झाकणावर नावं कशी घालायची ते मी विचारलं. ती म्हणाली, "तुझं आधी. लिहिलंस तू." मी म्हटलं, बाग तुझी. ती म्हणाली, मग मी दुसरी, त्यात काय एवढं.

तिचं लग्न झालं आणि ती बंगलोरला गेली. नवरा कॉम्प्युटर कंपनीत, शांत माणूस, त्यालाही खेळांची आवड. तिनं कळवलं की तिथं खेळ करणाऱ्यांचा मोठा मेळावा असतो, प्रकाशक येतात, आपण 'ताण' घेऊन जाऊ. मी तिकीट काढलं होतं. निघायच्या आठवड्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी घाटी दवाखान्याच्या व्हरांड्यातून तिला फोन केला. ती म्हणाली, तू काकांकडं बघ, मी नेते खेळ. मी सगळं कुरियर केलं: पानं, फासे, चिंचोक्यांची पिशवी, माझ्या लेखनाची पूर्ण प्रत.

मेळावा झाल्यावर मीच फोन केला. ती म्हणाली, "आवडला लोकांना. पण अजून कच्चा आहे म्हणले." काय कच्चं वाटलं, असं मी विचारलं. नीट सांगितलं नाही कोणी, म्हणाली. मला वाईट वाटलं, पण शंका आली नाही. बाबांना चालायला, बोलायला शिकवण्यात दिवस जात होते. अधूनमधून मी तिला नियमांतले बदल कळवायचे. ती अंगठा पाठवायची.

त्यानंतर वर्ष, सव्वा वर्ष गेलं असेल. बाबा काठी घेऊन फिरायला लागले होते. पुण्यात मामाकडं काम निघालं म्हणून गेले, आणि मामेभावानं मला एका कॅफेत नेलं, जिथं टेबलाटेबलावर खेळ चालतात. मला वाटलं, आपल्या कामाचं काही बघायला मिळेल. एका टेबलावर चार जण बसले होते, त्यांना पाचवा हवा होता. खेळ चालवणारा पोरगेला तरुण मला म्हणाला, "बसा ना ताई. नियम मी समजावून सांगतो, सोपे आहेत."

त्यानं पानं मांडली. सुरेख छापलेली होती, झाडांची चित्रं एखाद्या चांगल्या चित्रकाराची. तो सांगायला लागला की हे एक घर आहे, ही त्यांची बाग, प्रत्येक झाडाखाली काही घडलंय. चिंचोक्यांच्या जागी निळे काचेचे थेंब होते. मी ऐकत राहिले. तो म्हणाला, आता सगळ्यात भारी नियम ऐका, आणि त्यानं तो मला सांगितला. इंग्रजीत, पण वाक्यांची बांधणी माझीच, जशी मी बसमध्ये तिला सांगितली होती तशी. एकानं विचारलं, हे सुचतं कसं लोकांना? तो म्हणाला, "ज्या बाईंनी केलाय ना, त्यांच्या आजोबांची खरी बाग होती. भोगलंय त्यांनी ते."

मी झाकण मागून घेतलं. नाव बदललं होतं, त्याचा अर्थ 'शेवटची बाग' असा. खाली तिचं नाव. आत भाषांतराला नवऱ्याचं नाव. आभारांत छावणीतल्या रविवारच्या मैत्रिणी असं लिहिलं होतं, नावं कोणाचीच नव्हती. नियमांच्या पुस्तिकेत नमुन्याचा डाव छापला होता, त्यात एक म्हातारा आपल्या सायकलचं झाड सोडत नव्हता.

मी उठून जाऊ शकले असते. मी खेळले. मला वाटलं, आता उठले तर रडू फुटेल आणि काय सांगायचं ते सुचणार नाही. डावात मी सून झाले होते. शेवटच्या फेरीत सगळे गप्प झाले, आमच्या पत्र्याच्या टेबलावर झाले होते तसेच, आणि खेळ चालवणारा अभिमानानं माझ्याकडं बघून म्हणाला, कसा आहे? मी चांगला आहे म्हटलं. खरंच चांगला होता. मामेभावाला मी बाहेर आल्यावर सांगितलं तेव्हा त्याला आधी समजेचना. मग तो परत आत जाऊन भांडायला निघाला. मी त्याला धरून रिक्षात बसवलं.

तिला फोन केला नाही. फोनवर ती काहीतरी म्हणाली असती आणि मी ऐकून घेतलं असतं, हे मला माहीत होतं. दिवाळीत ती माहेरी येते, तेव्हा मी पैठणची बस धरून तिच्या गावी गेले. फाट्यापासून ओळखू येईना. बाग होती त्या जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते आणि रस्त्याच्या कडेला कुठल्याशा कंपनीचं गोदाम उभं राहत होतं. तिची आई ओट्यावर बसली होती. मला बघून तिला आनंद झाला. माझ्या बाबांची चौकशी केली, फराळाचं ताट पुढं ठेवलं, आणि म्हणाली, "हिनं आपल्या बागंवर गेम काढला, बघितला का तू? हिच्या बापाला तर लई भरून आलं होतं."

मी बघितला म्हटलं. ती आतून आली ती दारातच थांबली. आईनं चहा ठेवायला सांगितल्यावर ती म्हणाली, आम्ही जरा चक्कर मारून येतो.

आम्ही त्या चुन्याच्या रेघांमधून चालत गेलो. ती आधी बोलली. प्रकाशक म्हणाला की खरी बाग जिची तिचंच एकटीचं नाव असावं, लोकांना ते भिडतं. दोन नावं असली की गोष्ट पातळ होते. नवऱ्यालाही तसंच वाटलं. तुला सांगायचं होतं, म्हणाली, पण तुझ्या बाबांचं चाललेलं, कुठल्या तोंडानं सांगणार. मी तिला बोलू दिलं. मग मी म्हटलं, कच्चा आहे म्हणालीस.

ती थांबली. "त्ये मी खोटं बोलले."

"आणि नियम?"

"नियमाचं काय?"

"तो माझा होता."

तिनं चपलेनं चुन्याची रेघ पुसली. मग तिनं मान वर केली, आणि तिच्या आवाजात राग होता, जो मला अपेक्षित नव्हता. "तो माझ्या गप्प बसण्यातनं आला. गप्प मी बसले होते, तू नाय. तुमच्या घरी नळ गेला की टँकर यायचा, दारात. दुष्काळ आमच्या घरात होता. झाडं आमची, माणसं आमची, नावं आमची. तू काय केलंस? नियम केलास. नियम काय, कोणी पण करतं."

बाकीचं सगळं मी कदाचित पचवलं असतं. नाव गेलं, खोटं बोलली, आभारांत मला चारचौघींत मिसळून टाकलं. पण माझं काम काय असतं हे सगळ्या जगात एकटीला कळत होतं, आणि ते तिला. पत्र्याच्या टेबलावर तिनंच मला ते दाखवलं होतं. कोणीही करतं म्हणाली. दुष्काळाचं ती म्हणाली ते खोटं नव्हतं. मी ते तेव्हाही नाकारलं नाही. गप्प तर पैठण रोडवरची सगळी गावं बसली होती, त्यातून नियम कुठं झाला, एवढंच मी म्हटलं. तिला ते लागलं असावं. आम्ही परतलो. तिच्या आईनं चकल्या बांधून दिल्या, आणि त्या मी नाही म्हणू शकले नाही.

माझे मावसे वकील आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन दिवस वाचलं आणि सांगितलं की खेळाच्या नियमांवर कायद्यात कोणाचाच हक्क नसतो. शब्दांवर असतो, चित्रांवर असतो. शब्द भाषांतरात बदलले होते आणि करारावर सही तिची होती. लढता येईल, पण लांबेल, असं म्हणाले. मग समजूत घालायला म्हणाले, बरं आहे की, तो नियम तूही वापरू शकतेस. कोणीही वापरू शकतं.

चाचांकडं गेले होते. त्यांना मी विकत घेतलेलं 'शेवटच्या बागे'चं खोकं दाखवलं. सायकलचा उतारा मी त्यांना हिंदीत करून सांगितला, तर ते मनापासून हसले. "मेरी सायकिल बंगलोर पहुंच गयी," म्हणाले. मी विचारलं, तुम्हाला राग नाही आला? त्यांनी विचार केला. म्हणाले, फौजेत मी खंदक खणले, त्यांवर माझं नाव कुठं आहे. मग माझ्याकडं बघून म्हणाले, पण तू फौजेत नव्हतीस, तुझी गोष्ट वेगळी. ती भेटली तर तिला काय सांगाल, असं मी विचारलं. चहा पाजेन म्हणाले. मला ते आवडलं नाही, आणि त्यांनाही ते दिसलं. पुढं मी तिथं कमी जायला लागले.

मी तो नियम घेऊन नवा खेळ लिहायला बसले. शहरात रस्ते रुंद करायला जुन्या गल्ल्यांतली घरं पाडत होते. अर्धी कापलेली घरं महिनोन्महिने तशीच उभी असायची, वरच्या मजल्यावरचा निळा रंग, कोनाडा, आरशाचा खिळा, सगळं रस्त्यावरून दिसायचं. एक गल्ली, तिच्यातली घरं, आणि पाडलेल्या घराचा उल्लेख पुन्हा करायचा नाही. कारखान्यातून सुटल्यावर मी त्या गल्ल्यांत जाऊन लोकांशी बोलायचे. खेळ चांगला होत होता. औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयानं तो खेळवायला जागा दिली, कॉलेजची मुलंमुली आली. डाव रंगला. शेवटी मी त्यांना काय वाटलं ते विचारलं. एक मुलगी, चांगली वाचणारी, हुशार, जरा संकोचून म्हणाली, "मॅम, वाईट वाटून घेऊ नका. पण हा मेन रूल 'शेवटच्या बागे'तला आहे ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? बस, छावणी, पालथं पान, चहा? ऐकणाऱ्याला ती प्रत्येक चोर सांगतो तसली गोष्ट वाटली असती. मी म्हटलं, हो, तोच आहे. ती मुलगी म्हणाली, मग त्यांना क्रेडिट द्यायला हवं. बरोबर आहे, म्हटलं. 

घरी येऊन मी आईला सांगितलं तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. बाबा पलीकडं खुर्चीत बसलेले. त्यांचं बोलणं अजून अडखळत होतं. ते म्हणाले, "तू... सांगायचं." मी म्हटलं, कोणाला सांगू बाबा? त्यांनी डाव्या हातानं हवेत एक मोठा गोल केला, म्हणजे सगळ्यांना. आईनं त्यांचा हात धरून खाली ठेवला.

गल्लीचा खेळ मी छापला नाही. त्यानंतर इतर केले. परदेशी प्रकाशकाकडं मी आता कथानकं तपासायचं काम करते, दुसऱ्यांची. एका प्रशिक्षण संस्थेसाठी ग्रामसेवकांचा खेळ केला, त्यावर माझं नाव मोठं आहे आणि तो मला फारसा आवडत नाही. कारखाना सोडला.

मागच्या वर्षी तिचा फोन आला. नंबर मी काढून टाकला होता, पण आवाज कसा विसरणार. बाबांचं विचारलं. मग म्हणाली, प्रकाशकाला दुसरा खेळ हवाय. तिनं पुष्कळ प्रयत्न केला. गोष्टी आहेत, माणसं आहेत, पण खेळ होत नाही. माणसं बसतात, बोलतात आणि उठून जातात. आपण मिळून करू, ती म्हणाली. या खेपेला तुझं नाव आधी.

मी म्हटलं, पहिल्या खेळावर घाल.

ती म्हणाली, "ते आता कसं होईल? छापून झालंय, लोकांना माहितीय. तू समजून घे ना."

मी समजून घेतलं आणि नाही म्हटलं. मला वाटलं होतं की असा दिवस आला तर फार बरं वाटेल. वाटलं नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिच्या त्या न जमणाऱ्या खेळाचाच विचार करत होते, माणसं उठून का जात असतील याचा, आणि एकदोन गोष्टी सुचल्याही. त्या मी तिला कळवल्या नाहीत. तिच्याइतकं चांगलं खेळणारं माणूस माझ्या टेबलाला पुन्हा मिळालेलं नाही, हेही तिला सांगितलं नाही.

रविवारी अजून माणसं जमतात, आता आमच्या गच्चीवरच्या खोलीत. डाव मांडायच्या आधी मी पूर्वी सगळ्यांना सांगायचे की इथं जे बोलाल ते इथंच राहील, मोकळेपणानं खेळा. हल्ली मी ते वाक्य म्हणत नाही. पानं वाटते आणि सुरू करते. कोणाच्या ते लक्षात आलेलं नाही, लोक आपलं मोकळेपणानंच बोलतात.